दरवर्षी येतो त्याला अवकाळी कसं म्हणायचं?

२०२५ चा मे महिना. अंगणात काकीने सोलं, म्हणजे आमसुलं, वाळत घातलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, बिया काढायच्या, सालं आगळात, म्हणजे कोकमाच्याच रसात, बुडवून उन्हात पसरायची, दुसऱ्या दिवशी परत आगळात आणि परत उन्हात, अशी चार-पाच कडक उन्हं मिळाली की ती काळपट आणि चिवट होतात, मग वर्षभर त्यांना काही होत नाही आणि ती विकून काकीच्या हातात थोडे पैसे येतात जे खर्च करायला तिला घरात कोणाला विचारावं लागत नाही. त्या वर्षी दोनच उन्हं मिळाली. तिसऱ्या दिवशी दुपारी खाडीकडून आभाळ भरून आलं, आम्ही ताडपत्री ओढेपर्यंत अंगणातून लाल पाणी वाहायला लागलं आणि मग आठवडाभर उघडीपच नाही. सोलांवर पांढरा बुरा चढला, उचलायला गेलं की हातात तुटायची, शेवटी घमेल्याने भरून गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात, टाकली.

२० मे च्या आसपास सुरू झालेला तो पाऊस थांबलाच नाही. २५ मे ला मान्सून देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, २६ ला मुंबईत, जिथे त्याची ठरलेली तारीख ११ जून आहे. झाडावर शेवटचा आंबा होता तो काढता आला नाही, जो काढला तो भिजलेला, त्याला डाग पडले आणि वाशीच्या घाऊक बाजारात रेट मिळाला नाही. नंतर पंचनाम्याला माणूस आला. चांगला माणूस होता, त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या कागदावर नुकसानीचं कारण या रकान्यात आधीच छापलेलं होतं, अवकाळी पाऊस. सोलांसाठी रकानाच नव्हता. काकी ओटीवर बसून ऐकत होती, ती म्हणाली, "ह्यो पाऊस अवकाळी खयचो? दरवर्साक येता, तो आता घरचोच झालो."

तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. अवकाळी म्हणजे काळ सोडून आलेला, म्हणजे काळ आपल्या जागेवर ठाम आहे आणि हा पाऊस फक्त चुकून आलाय, पुढच्या वर्षी सगळं ठीक होईल. या शब्दात एक दिलासा आहे आणि तो खोटा आहे. तसाच दुसरा शब्द, निसर्गाचा कोप. वादळ आलं निसर्गाचा कोप, दरड कोसळली निसर्गाचा कोप, मोहोर गेला तर निसर्ग लहरी झालाय. पेपरात हेच, नेत्यांच्या भाषणात हेच, आपण आपसात बोलतो तेव्हापण हेच. कोप म्हटलं की विषय संपतो कारण कोपाला कोणी जबाबदार नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की हे शब्द आपण टाकून दिले पाहिजेत, कारण ते बोलले की ज्याने हे केलं तो माणूस दिसेनासा होतो. आपण कोकणातले लोक देवळात गाऱ्हाणं घालतो तेव्हा कसं नेमकं बोलतो, काय झालं, कधी झालं, कोणाच्या हातून झालं, सगळं नाव घेऊन सांगतो. मग हवामानाबद्दल बोलतानाच एवढं मोघम का?

तर नेमकं बोलूया. आंबावाल्याला ग्लोबल वॉर्मिंग समजवायला काचेच्या घराचं उदाहरण लागत नाही. डिसेंबरात रात्री आभाळ स्वच्छ असलं की पहाटे कुडकुडायला होतं, पानांवर दव असतं, आणि कलमवाला खूश असतो कारण थंडी बसली की कलम मोहोर टाकतं. तीच रात्र ढगाळ असली की उकडतं. असं का होतं तर दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर सोडते, ढग ती अडवतात आणि त्यातली बरीच परत खाली पाठवतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड हेच काम करतो, फरक एवढाच की तो दिसत नाही आणि ढगासारखा सकाळी विरूनही जात नाही, आज सोडलेल्यातला बराचसा वायू शेकडो वर्षं वर राहणार आहे. म्हणजे आपण सगळ्या जगावर एक कायमची ढगाळ रात्र आणून ठेवली आहे, आणि ती दर वर्षी थोडी थोडी दाट होतेय.

हे काही काल कळलेलं नाही. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस या शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये हिशोब करून सांगितलं होतं की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी तापेल. हवाई बेटांवर मौना लोआ नावाच्या डोंगरावर १९५८ पासून हा वायू मोजतात. कारखाने सुरू व्हायच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत तो साधारण २८० भाग होता, मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५, आणि आता ४२० च्या वर. ध्रुवाकडच्या जुन्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे तपासलेत, गेल्या आठ लाख वर्षांत तो एवढा कधीच नव्हता. हा वायू येतो मुख्यतः कोळसा, पेट्रोल-डिझेल आणि गॅस जाळून, म्हणजे वीज, कारखाने, गाड्या, विमानं, जहाजं. जंगलतोडीतूनही येतो. आणि सिमेंटमधूनही, कारण सिमेंट करताना चुनखडी भाजावी लागते आणि त्या दगडातूनच हा वायू सुटतो. शिवाय मिथेन, तो भाताच्या साचलेल्या पाण्यातून, गुरांच्या पोटातून, कचऱ्याच्या ढिगातून आणि तेल-गॅसच्या विहिरींतून येतो, हवेत कमी वर्षं टिकतो पण टिकतो तेवढ्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरतो. (ओझोनचं भोक हा वेगळा विषय आहे, अजूनही शाळेच्या निबंधात दोन्ही एकत्र कालवतात म्हणून सांगितलं.)

"पूर्वीपण असं व्हायचं" हे मला नेहमी ऐकायला लागतं, आणि बोलणारे बरेचदा माझ्यापेक्षा वयाने मोठे असतात म्हणून मी ते हसण्यावारी नेत नाही. हो, पूर्वीपण मे मध्ये पाऊस पडलाय, वादळं आलीत, मोहोर गेलाय. पृथ्वीचं तापमानपण हजारो-लाखो वर्षांत वर-खाली झालंय. पण सूर्य जास्त तापल्यामुळे हे होत असतं तर हवेचे खालचे थर तापले तसे वरचेपण तापले असते. प्रत्यक्षात खालची हवा तापतेय आणि वरचा थर थंड होतोय, आणि उष्णता खालीच अडकली तरच असं होतं. गेल्या चाळीस वर्षांत सूर्याची ताकद वाढल्याचं मोजमापात कुठे दिसत नाही. आणि हवेत जो कार्बन वाढलाय तो तपासला तर तो जमिनीत गाडलेल्या जुन्या कोळशा-तेलाचाच आहे हे ओळखता येतं. म्हणजे हात कोणाचा आहे हे कळलेलं आहे. २०१५ ला पॅरिसला सगळ्या देशांनी ठरवलं की तापमानवाढ दीड अंशाच्या आत ठेवायचा प्रयत्न करू. २०२४ हे आतापर्यंत मोजलेलं सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं आणि त्या एका वर्षात आपण दीड अंश ओलांडून गेलो.

दीड अंश म्हणजे काय मोठं, असं वाटतं. माझ्या कलमाखाली येऊन उभे रहा म्हणजे कळेल. थंडी उशिरा आली की मोहोर उशिरा, मध्येच थंडी गेली की झाड मोहोराऐवजी पालवी काढतं, परत थंडी पडली की आधीची बारीक फळं झाडावर असतानाच दुसरा मोहोर येतो आणि झाड नव्या मोहोराला पोसायला लागलं की ती फळं गळून पडतात. ढगाळ दमट हवा राहिली की तुडतुडा, मोहोराचा रस शोषणारी कीड. मोहोराखाली उभं राहिलं तर गालावर बारीक चिकट थेंब बसतात, पाऊस नसतो, तुडतुड्यांची घाण असते ती, आणि आठ दिवसांत त्या चिकट्यावर काळी बुरशी येऊन पानं काजळी फासल्यासारखी होतात. मग फवारणी. वडील होते तेव्हा तीन-चार फवारण्यांत सीझन निघायचा, आम्ही आता सात-आठ करतो, औषधाचं बिल, पेट्रोलचं बिल, गडी माणसांची मजुरी, बागेत राखणीला राहणाऱ्या नेपाळी कामगारांचा पगार, हे सगळं मोहोर टिको न टिको द्यायचंच असतं. मार्चला पारा चढला की सुपारीएवढं फळ भाजून गळतं. जे टिकलं त्यात साका निघतो, म्हणजे वरून चांगलं दिसणारं फळ आतून खराब. आणि एवढं सगळं पार करून फळ तयार झालं की काढणीच्या तोंडावर पाऊस. २०१८ ला हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, नाव राखलं गेलं याचा मला खरंच अभिमान आहे, पण ज्या हवेमुळे ते नाव झालं ती हवा राखायला कुठलं सर्टिफिकेट नाही.

आणि समुद्र. माणसाने वाढवलेल्या उष्णतेतली नव्वद टक्क्यांहून जास्त समुद्राने गिळली आहे. आपण लहानपणी ऐकायचो की वादळं बंगालच्या उपसागरात होतात, ओडिशा-आंध्रला जातात, आपला अरबी समुद्र तसा शहाणा. आता बघा. नोव्हेंबर २००९ ला फयान. २०१९ ला क्यार आणि पाठोपाठ महा, ती किनाऱ्याला आली नाहीत पण त्यांच्या पावसाने कापणीला आलेलं भात शेतातच रुजलं. ३ जून २०२० ला निसर्ग नावाचं वादळ आलं, श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगडकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या. २०२१ च्या मे मध्ये तौक्ते अख्ख्या किनाऱ्याला घासत गुजरातला गेलं. गरम पाणी हे वादळाचं इंधन असतं. एखाद्या ठरावीक वादळाकडे बोट दाखवून हे फक्त वॉर्मिंगमुळे आलं असं कोणी शास्त्रज्ञ म्हणणार नाही, मीपण म्हणत नाही, पण समुद्र तापतोय आणि त्याला अशी वादळं पोसायची ताकद जास्त मिळतेय हे मोजलेलं आहे. पोफळ लावली की पहिली सुपारी बघायला पाच-सहा वर्षं जातात, नारळालाही तेवढीच. ज्या म्हाताऱ्या माणसाची वाडी निसर्गमध्ये गेली त्याला परत लाव म्हणणं सोपं आहे, त्याच्याकडे तेवढी वर्षं आहेत का?

पाण्याची पातळी वाढतेय ती मात्र अशी धाडकन दिसत नाही. १९०० नंतर जगभरात सरासरी वीसेक सेंटीमीटर, म्हणजे एक वीत. थोडी बर्फ वितळून, आणि थोडी पाणी तापलं की फुगतं म्हणून. एक वीत ऐकायला कमी आहे पण आमच्यासारख्या खाडीकाठच्या लोकांना विचारा. पूर्वी अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी बांधाच्या पायाशी यायचं, आता मोठ्या उधाणाला ते बांधावरून आत उतरतं. खारबांध फुटला आणि शेताला एकदा खारं पाणी लागलं की पुढची दोन-तीन वर्षं तिथे धड भात होत नाही. खालच्या वाडीत माझ्या मावशीची विहीर आहे, जांभ्यात खणलेली, पायऱ्या असलेली, तिचं पाणी गोड म्हणून अख्खी वाडी प्यायला तिथून न्यायची. आता एप्रिल लागला की ते मचूळ होतं. डाळ शिजत नाही, चहाची चव बदलते, कळशीच्या आत पांढरट थर बसतो. विहीर मचूळ होण्यात आजूबाजूला मारलेल्या बोअरचापण हात आहे, ते मी नाकारत नाही, गोडं पाणी आपण उपसलं की खारं आत सरकतं, पण दोन्हीकडून एकदम दाब आलाय आणि मधे मावशी कळशी घेऊन उभी आहे.

पावसाचं गणितही तसंच. हवा एक अंशाने तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते, मग धरलेलं एकदम सोडते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ ला दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्याला लागणारं बाष्प जातं ते आपल्या अरबी समुद्रावरून. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. तो सावित्रीतून महाडला आला, इकडे वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर आला. ऐंशीहून जास्त माणसं गेली. २००५ ला त्याच तालुक्यात जुई, दासगावला हेच झालं होतं. २०२३ च्या जुलैमध्ये खालापूरची इर्शाळवाडी.

आता इथे मला जे सांगायचंय ते जास्त महत्त्वाचं आहे. गेल्या काही वर्षांत एक नवीन गोष्ट सुरू झालीय. ज्यांच्या तोंडी आधी निसर्गाचा कोप होता त्यांच्या तोंडी आता क्लायमेट चेंज आलंय, आणि अर्थ तोच, आमचा काही संबंध नाही, जागतिक प्रॉब्लेम आहे. हे मला जुन्या शब्दापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. पाऊस ५९४ पडला त्याला जगाचा धूर जबाबदार असेल, पण वाशिष्ठीत वर्षानुवर्षं गाळ साचू दिला त्याला जग जबाबदार नाही. चिपळूणच्या लोकांनी साखळी उपोषण केलं तेव्हा तो गाळ निघायला लागला. डोंगराच्या पोटात जेसीबी घालून हायवेसाठी उभा कडा कापून ठेवला, माथ्यावर चिरेखाण, म्हणजे जांभा दगडाची खाण, काढली आणि तिच्यात पाणी साचून मुरायला लागलं, पऱ्या, म्हणजे ओढा, बुजवून त्यावर प्लॉटिंग केलं, कांदळवनात मातीचा भराव टाकला, हे सगळं इथल्याच माणसांनी सह्या करून केलंय. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ ला पश्चिम घाटाचा अहवाल दिला तेव्हा आपल्याकडे काय ओरड झाली, विकास थांबणार, घराला रंगपण लावता येणार नाही, काय वाट्टेल ते पसरवलं गेलं. मग कस्तुरीरंगन समिती आली, तिने संरक्षित क्षेत्र खूप कमी केलं, तेपण नको झालं, नुसते मसुद्यांवर मसुदे निघत राहिले. मासळीचंही तसंच आहे. पाणी तापलं की मासा आपली जागा बदलतो हे खरं, पण बांगडा-तारली रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, येईना याला एलईडी लाईट लावून आणि पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी समुद्र खरवडणारेही तेवढेच कारणीभूत आहेत, एलईडीवर तर बंदी आहे तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिजावर उजेड दिसतो. ते सगळं वॉर्मिंगच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ द्यायचं नाही.

आणि आपण स्वतः. आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. घरामागच्या डोंगरावर सामायिकातलं रान होतं, ऐन, किंजळ, जांभूळ, सगळं आपोआप वाढलेलं. बारा वाटेकरी, निम्मे मुंबईत, एका वर्षी सगळ्यांना पैशाची गरज निघाली आणि आम्ही ते ठेकेदाराला उभंच्या उभं विकलं. त्या कागदावर माझीपण सही आहे. वाट्याला जे पैसे आले ते एका लग्नात संपले. दुसऱ्या पावसापासून त्या उतारावरची माती पऱ्यातून खाली यायला लागली आणि उन्हाळ्यात पऱ्याचं पाणी महिनाभर आधी आटायला लागलं. मला त्याची आजही रुखरुख आहे. जगाचा कार्बन काही आमच्या रानामुळे वाढला नाही, पण पाऊस वाढणार हे कळल्यावर तर डोंगराची माती धरून ठेवायची गरज आणखी वाढते, कमी होत नाही.

मग मोठा दोषी कोण, तर त्याचाही आकडा आहे. आजपर्यंत सोडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे, एवढ्या मोठ्या भारताचा सगळा मिळून चार टक्क्यांच्या आसपास. आजही अमेरिकेतला माणूस वर्षाला सरासरी १४ टनांच्या आसपास सोडतो आणि भारतातला २ टनांच्या. काकीने आयुष्यभर पालापाचोळा आणि नारळाच्या पिड्यांवर, म्हणजे झावळांच्या सुक्या देठांवर, स्वयंपाक केला, विमान तिने फक्त वरून जाताना बघितलं, आणि सोलं भिजली ती तिची. २०२२ च्या जागतिक हवामान परिषदेत नुकसान झालेल्या देशांसाठी एक वेगळा निधी करायचं मान्य झालं, पण त्यात पैसे टाकायची वेळ आली की श्रीमंत देश हात आखडतात. हा पैसा मागणं म्हणजे भीक मागणं नव्हे, ती भरपाई आहे, आणि आपल्या सरकारने ती जोरात मागावी असं मला मनापासून वाटतं. पण तिकडे मागताना इकडे आपल्याच देशातल्या गरीब किनाऱ्यालापण त्याच न्यायाने द्या की. आपली बहुतांश वीज अजून कोळशावर होते, ती मोठ्या शहरांत आणि कारखान्यांत जास्त वापरली जाते, आणि वादळ-उधाण सोसणार कोण, तर मासेमारी करणारे खारवी, गाबीत, शेती करणारे कुणबी, बागेत मजुरी करणाऱ्या बायका.

भरपाईच्या नियमांकडे बघितलं की कळतं की ते कोकण डोळ्यासमोर ठेवून केलेलेच नाहीत. आपल्या राज्यात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. जुलैमध्ये ६५ म्हणजे आमच्याकडे साधा दिवस, मुलं शाळेत जातात. पण एप्रिल-मे मध्ये नुसता दहा-पंधरा मिलिमीटर पडला तरी आंबा, काजू, कोकम, सुकत घातलेली मासळी, मीठ, सगळं एका रात्रीत जातं. पंचनाम्याला पीक ३३ टक्क्यांच्या वर जायला लागतं, मदत हेक्टरी, आणि इथे जमीन गुंठ्यात, सातबारावर आजोबांच्या भावांची नावं, एकाच वाडीत नारळ, पोफळ, जायफळ, मिरीचा वेल एकमेकांत. फळपीक विम्याला तारखा ठरलेल्या, त्या तारखांच्या बाहेर पाऊस पडला तर तो पडलाच नाही असं समजायचं, आणि पाऊस मोजणारं यंत्र महसूल मंडळाच्या ठिकाणी, अनेक गावांत मिळून एक. डोंगरापलीकडे ऊन आणि अलीकडे सर येते हे कोकणातल्या कोणालाही माहीत आहे. तारखा नव्या हवेप्रमाणे बदला, आकडा महिन्याप्रमाणे वेगळा धरा, यंत्र गावात बसवा, आणि वाळवणाचं नुकसानपण नुकसान धरा, कारण ते बायकांचं उत्पन्न असतं आणि कुठल्याच सातबारावर नसतं. यात अशक्य काही नाही. पण हे व्हायचं असेल तर आधी सरकारी कागदावरचा अवकाळी हा शब्द काढायला लागेल, कारण अपवाद म्हणून धरलेल्या गोष्टीला कोणी नियम बनवत नाही.

राजापूरजवळ आणू पाहिलेल्या तेलाच्या रिफायनरीबद्दल विचारल्याशिवाय कोणी सोडत नाही म्हणून लिहितो. २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तिच्यासाठीच्या माती परीक्षणाच्या वेळी गावातल्या बायका उन्हात आडव्या झाल्या होत्या. मी त्यांच्या बाजूचा आहे. जे तेल जाळल्यामुळे आमचा मोहोर जळतोय त्याच तेलाचा कारखाना कातळशिल्पांच्या सड्यावर आणायचा हे मला पटत नाही. पण गावातला बावीस वर्षांचा मुलगा जेव्हा म्हणतो की मग मी काय करू, मुंबईला जाऊन दहा बाय दहाच्या खोलीत राहू का, तेव्हा त्याला नुसतं पर्यावरणावर भाषण देणं चूक आहे. त्याला इथे आंबा-काजू प्रक्रिया, कोल्ड स्टोरेज, सोलर, कांदळवनातलं पर्यटन, वेळासला कासवांची पिल्लं बघायला येणाऱ्यांमुळे जसं घराघरांत चार पैसे येतात तसं काहीतरी हवं, आणि ते प्रत्येक तालुक्यात उभं करायला सरकारने रिफायनरीसाठी जेवढा जोर लावला त्याच्या अर्धा जरी लावला तर फरक पडेल. वेळासच्या कासवांचंही एक सांगून ठेवतो, वाळूतल्या अंड्यातून नर निघणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं, वाळू जास्त तापली की माद्याच माद्या. हे वाचल्यापासून मला तिथल्या जाळीतली ती इवली पिल्लं बघताना आनंदाबरोबर भीतीपण वाटते.

आम्ही गावात सध्या एक छोटीच गोष्ट केलीय. गेल्या ग्रामसभेत डोंगरावरच्या चिरेखाणीला नवीन परवानगी द्यायची नाही असा ठराव केला, तो कितपत टिकेल बघू. आणि शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवलं, आपल्या गावात किती पडला हे दुसऱ्या कोणी सांगायला नको म्हणून. हवामान खात्यासारखाच रोज सकाळी साडेआठला आकडा घ्यायचा आणि वहीत लिहायचा. वही आखायला गुरुजींनी मुलांनाच बसवलं. त्यांनी जून ते सप्टेंबर अशी चार पानं आखली, नेहमीची पावसाळ्याची. सहावीतली एक मुलगी उठून म्हणाली, गुरुजी मे चं पान का नाही? गुरुजी म्हणाले मे ला शाळेला सुट्टी असते, आकडा कोण घेणार. शाळेच्या मागेच घर असलेल्या एका पोराने हात वर केला, मी घेतो म्हणाला. मग मे चं पान जोडलं. त्यानंतर एप्रिलचं जोडलं, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचंही, आणि वहीत जागा उरली नाही तेव्हा गुरुजींनी दुसरी, बारा महिन्यांची वही आणायला मुलांना दुकानात पाठवलं.